समान संधी: वचन की टोमणा?

‘समान संधी’ हे शब्द आम्हां जिंतूरकरांना नवे नाहीत. पण ते दोन तऱ्हांनी वापरले जातात. संविधानाच्या उद्देशिकेत ‘संधीची समानता’ हे वचन आहे; कलम १६ सरकारी नोकरीत त्याचीच हमी देते. चौकात मात्र त्याच शब्दांचा टोमणा होतो, “संधी सर्वांना सारखीच, तुम्हीच मागे राहिलात!”

आमची पुष्कळ मुले घरी दखनी बोलतात, उर्दू शाळेत शिकतात आणि स्पर्धा परीक्षेला मराठीत बसतात. अर्जाचा नमुना सर्वांना एकच. तिथवर पोहोचण्याची वाट एक नाही.

सच्चर समितीने २००६ साली मुसलमानांचे मागासलेपण आकड्यांनिशी मांडले, समान संधी आयोगाची शिफारस केली. तो आयोग झाला नाही. २०१४ साली राज्याने अध्यादेश काढून ५ टक्के आरक्षण दिले. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग रोखला नाही. तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही.

म्हणून टोमणा ऐकून आम्ही मान खाली घालत नाही. मुलांना अर्ज भरायला लावतो, आणि वचन देणाऱ्यांना वचनाची आठवण करून देतो. दोन्ही कामे आमचीच आहेत.