मागून येणारी गाडी

हे लिहायचं म्हणून चार वीकेंड नुसतं घोकतोय. पण दर शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटला काहीतरी आठवतं आणि शनिवार बोंबलतो. आज बाहेर पाऊस आहे, ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसातच राहिलाय (मुद्दाम नाही हो!), तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर सध्या अस्मादिकांचा मुक्काम तोरिनोला. म्हणजे आपलं ट्युरिन. नऊ महिन्यांचं ऑनसाईट, पैकी पाच संपले. इथला आमचा टीम लीड पन्नाशीचा गृहस्थ आहे आणि सायकल हा त्याचा धर्म आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये आधी तो रविवारी कुठला चढ चढला ते सांगतो, मग बग्सचं बघतो. सप्टेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी त्याने मला त्याची जुनी सायकलच आणून दिली. आकाशी रंगाची बियांकी, स्टीलची, वयाने माझ्यापेक्षा मोठी. सोबत कागदावर पेनाने काढलेला नकाशा. म्हणाला, "लांगेला जाऊन ये. नंतर धुकं पडलं की काही दिसायचं नाही."

मी नाही म्हणणार होतो. का ते सांगतो, पण जरा थांबा.

लांगे म्हणजे तोरिनोच्या दक्षिणेकडच्या द्राक्षांच्या टेकड्या. आल्बा या गावापर्यंत ट्रेनने सव्वा-दीड तास, तिथून पुढे आपले पाय. २०१४ मध्ये युनेस्कोने इथल्या द्राक्षबागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बारोलो ही इथली प्रसिद्ध वाईन, ती फक्त नेब्बिओलो नावाच्या द्राक्षापासून करायची आणि किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकायची नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात, असा नियमच आहे. ३८ महिने! आमच्याकडे ३८ तास कोणी थांबत नाही. आपल्या नाशिकला द्राक्षांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, त्यामुळे मी गेलो तेव्हा तोडणी चालू होती.

सुरुवात अगदीच वाईट झाली. आल्बातून बाहेर पडताना मोठा रस्ता, ट्रक, गोल चौक, पुन्हा ट्रक. खोऱ्यातल्या रस्त्यांवर इथेही सगळा धंदा धावतो. बारावीनंतर सायकलला हात न लावलेला मी कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून डोंबाऱ्यासारखा तोल सांभाळत चाललो होतो. परत फिरायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात नकाशावरचं रोद्दीचं वळण आलं.

रोद्दी हे टेकडीवरचं एवढंसं गाव. तिथे १८८० मध्ये सुरू झालेलं, ट्रफल हुडकणाऱ्या कुत्र्यांचं विद्यापीठ आहे. थट्टा नाही, विद्यापीठच म्हणतात. प्लेसमेंट आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा नक्कीच बरी असणार :) असो.

तर रोद्दीनंतर आवाज बंद झाले. एकदम नाही, एकेक करून. आधी ट्रक गेले, मग खालच्या रस्त्याची घरघर गेली, मग वेर्दुनोच्या अलीकडे कधीतरी लक्षात आलं की आपल्याला चेनचा आवाज ऐकू येतोय. आणि आपला श्वास, तो तर भात्यासारखा. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, इतक्या सरळ की कोणीतरी कोड फॉरमॅट करून ठेवल्यासारख्या. कुठेतरी ओळींच्या आत माणसं बोलत होती, पण दिसत नव्हती. वीस-वीस मिनिटं एक गाडी नाही. सुख सुख म्हणतात ते हेच, असं म्हणणार, एवढ्यात मागून इंजिनाचा आवाज आला.

आणि माझे खांदे कानांपर्यंत वर गेले.

आता ते मघाचं कारण. बाबा १९८६ पासून कितीतरी वर्षं शनिवार पेठेतून भोसरीला सायकलने कामावर जायचे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळातलीच ती सवय. पुढे स्कूटर आली, तरी रविवारची सायकल सुटली नाही. पहाटे निघायचं, सिंहगडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी खायची, अकराच्या आत घरी. रिटायर झाल्यावर तर रविवार रोजचाच झाला. २०२२ च्या पावसाळ्यात मागून एक टेम्पो आला. टेम्पोने त्यांना धक्का लावला नाही, हे लक्षात घ्या. नुसता हॉर्न. बाबा बाजूला झाले, आणखी बाजूला झाले, आणि जिथे बाजू संपली तिथे चेंबरचं झाकण खचलेलं होतं. कॉलरबोन मोडलं. टेम्पो गेला निघून, त्याला कळलंही नसेल. महाराष्ट्रात ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायचा आदेश २०१५ मध्येच निघालाय. अक्षरं पुसली म्हणून हात थोडाच थांबतो!

मी काय केलं? बाबांचा हात गळ्यात बांधलेला असताना मी त्यांची सायकल विकून टाकली. विचारलं नाही. आईला म्हटलं, डोळ्यासमोर राहिली तर पुन्हा जातील. बाबांनी एवढंच विचारलं, "किती आले?"

म्हटलं, "बाराशे."

"टायर नवे होते," म्हणाले, आणि टीव्हीकडे बघायला लागले.

त्यानंतर आमच्या घरात सायकल हा विषय निघालेला नाही. आणि मी इथे, आकाशी बियांकीवर. घरी सांगितलंही नव्हतं.

तर मागून इंजिनाचा आवाज. मी कडेला सरकलो. आवाज तेवढाच. आणखी सरकलो, चाक खडीत गेलं, घाबरून उतरलोच. बघतो तर काय, एक जुनी फियाट पांडा माझ्या मागे दहा-बारा मीटरवर थांबलेली. आत एक आजोबा. काच खाली करून त्यांनी विचारलं, "तुत्तो बेने?" म्हणजे सगळं ठीक ना? पुढे वळण होतं, पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून ते मागे राहिले होते. एवढंच. मी का उतरलो ते त्यांना कळेना, आणि ते सांगण्याइतकं इटालियन मला येईना. ते रस्त्याच्या पार पलीकडच्या बाजूने गेले, हात दाखवून.

इथे सगळे संत आहेत असं मुळीच नाही. तोरिनोत हॉर्न वाजतात आणि चांगले वाजतात. २०११ ची जिरो ही सायकल शर्यत ज्याच्या नावावर आहे तो मिकेले स्कार्पोनी २०१७ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच गावाजवळ सराव करताना व्हॅनच्या धडकेत गेला. सायकलला ओलांडताना, रस्ता तेवढा असेल तर, किमान दीड मीटर अंतर ठेवा हा नियम यायला २०२४ चा डिसेंबर उजाडावा लागला. पण या वरच्या रस्त्यावर नियमाच्याही आधीचं काहीतरी होतं. घाई नसणं, म्हणा.

आणि ही शांतता फुकटची नाही, हेही टीम लीडनेच सोमवारी सांगितलं. त्याचे आजोबा इथल्याच पुढच्या डोंगरातले. दुसऱ्या महायुद्धानंतर या टेकड्यांवरची माणसं घरं बंद करून तोरिनोच्या मोटारींच्या कारखान्यांत गेली. आल्बात १९४६ मध्ये सुरू झालेल्या फेरेरोने (न्यूटेलावाले हेच) गावोगावचे कामगार आणायला स्वतःच्या बसेस सुरू केल्या, म्हणून काही जणांना शेत आणि नोकरी दोन्ही धरून ठेवता आलं. नूतो रेव्हेल्ली नावाच्या लेखकाने या भागातल्या शेतकऱ्यांच्या आठवणी टेप करून १९७७ मध्ये पुस्तक काढलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘हरलेल्यांचं जग’. मला आपलं मनीऑर्डरवर जगलेलं कोकण आठवलं. आता बारोलोला सोन्याचा भाव आहे, पण द्राक्षं तोडायला मॅसिडोनिया, रुमानिया, आफ्रिका, कुठून कुठून माणसं येतात. ओळींच्या आतून येणारं ते बोलणं इटालियन नव्हतं, हे मला मागाहून उमगलं.

वेर्दुनोच्या पुढे पुन्हा आवाज आला. या वेळी ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीत द्राक्षांचे क्रेट. खांदे पुन्हा वर गेले, पण उतरलो नाही. तीन वळणं तो माझ्या मागे होता. माझा वेग काय असेल? चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा बरा. एका वळणावर तो मोठा गोल आरसा असतो ना, त्यात आम्ही दोघेही दिसलो. मी घामाघूम, दात-ओठ खाऊन पायडल मारतोय, आणि मागे ट्रॅक्टरवाला एका हाताने काहीतरी खात निवांत येतोय. सरळ रस्ता आला तसा तो पुढे गेला. मागे द्राक्षांचा गोडसर आंबूस वास राहिला, आणि माझे खांदे कधी खाली आले ते कळलंच नाही.

ला मोरा ५१३ मीटरवर आहे. म्हणजे सिंहगडापुढे किरकोळच, पण पोचलो तेव्हा मी एव्हरेस्टवाल्याच्या थाटात होतो. वरच्या चौकातून सगळं खोरं दिसतं, समोरच्या डोंगरधारेवर एकेका गावाचा किल्ला. बाकावर बसलो, घड्याळ बघितलं. बारा. म्हणजे पुण्यात साडेतीन, बाबांच्या चहाची वेळ. बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि मग लावला. व्हिडिओ कॉल.

"सायकल कुणाची?" हा पहिला प्रश्न.

"लीडची."

"फिरव बघू."

मी फोन सायकलभोवती फिरवला. खोरं, किल्ले, कशातच त्यांना रस नव्हता. "चेन कोरडी दिसते," म्हणाले. मग, "मागून गाड्या?"

"येतात. थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"म्हणजे वळण संपेपर्यंत मागे राहतात. हॉर्न नाही वाजवत."

बाबा काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, तुमची सायकल मी तेव्हा..."

"आता उतार आहे ना?"

"हो. बारोलोपर्यंत."

"फोन खिशात टाक. बंद करू नको."

वरच्या खिशात फोन टाकला, चेन लावली आणि निघालो. पायडल मारायची गरजच नव्हती. द्राक्षं, वळण, द्राक्षं, वळण. मधे एक गाडी मागून आली, राहिली, गेली. बारोलोच्या वेशीवर थांबून फोन काढला. वाटलं, कंटाळून ठेवला असेल. कॉल चालूच होता.

"मागचा ब्रेक ओरडतोय," बाबा म्हणाले. "पॅड बदलायला सांग त्याला. आणि वळणावर पुढचा दाबू नकोस."