तोफेत गेलेले नाणे

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला उभा आहे. १५९५-९६ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने त्यास वेढा घातला होता. गोळे संपले तेव्हा चांदबिबीने तोफांत आधी तांब्याची, मग रुप्याची आणि अखेर सोन्याची नाणी भरली, अशी आख्यायिका आहे. नाण्याची धातू तोफेत गेली, तर बाजार कशावर चालावा?

हा प्रश्न पुढे जर्मनीस पडला. पहिल्या महायुद्धात भारतातील अनेक जर्मन नगरच्या छावणीत स्थानबद्ध होते. त्याच वेळी त्यांच्या मायदेशी तांबे व निकेल दारूगोळ्याकडे वळवले जात होते आणि बाजारात सुटे पैसे मिळेनासे झाले होते. तेव्हा नगरपालिका, कारखाने व व्यापारी यांनी जस्ताचे, लोखंडाचे आणि कागदाचे स्थानिक चलन काढले. त्यास ‘नोटगेल्ड’, म्हणजे निकडीचा पैसा, म्हणत. युद्धानंतर माइसन येथे चिनी मातीचीही नाणी घडली.

हिंदुस्थानही यातून सुटला नाही. चांदीच्या टंचाईमुळे १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे गुन्हा ठरले. १९४३ पासून भोकाचा पैसा आला. त्याचे वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी होते. त्या वेळी नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल व मौलाना आझाद बंदिवासात होते. तिकडे काठेवाडात, गिरनारच्या पायथ्याच्या जुनागढसह मोरवी व नवानगर या संस्थानांनी सुट्या पैशांसाठी छोटी कूपने छापली.

सुट्यांची टंचाई श्रीमंतास फारशी जाणवत नाही. पैशा-दोन पैशांचे मीठ-तेल घेणाऱ्याचे मात्र घर अडते. जो नाणी दडवतो, तो त्याचीच चूल अडवतो. कागदाच्या वा जस्ताच्या तुकड्यास स्वतःचे मोल नव्हते. तो परत आणला तर पुरता मोबदला मिळेल, या खात्रीवर तो चाले.

नगरच्या कापडबाजारातील पेढ्यांना हे नवे नाही. धातूचे नाणे टंचाईत नाहीसे होते. गिऱ्हाइकाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत मात्र कोणत्याही तोफेत भरता येत नाही.