जर्सीवरचे चार तारे

उरुग्वेच्या फुटबॉल संघाची आकाशी जर्सी कधी नीट पाहिलीये? बोधचिन्हावर चार तारे आहेत. एक तारा म्हणजे एक जगज्जेतेपद, असा साधारण रिवाज. पण उरुग्वेने वर्ल्ड कप जिंकलाय दोनदाच, १९३० आणि १९५०मध्ये. मग बाकीचे दोन तारे कुठून आले?

ते आहेत १९२४ आणि १९२८च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे. तेव्हा वर्ल्ड कप सुरूच झाला नव्हता, म्हणून तीही जगज्जेतेपदंच धरा, असं त्यांचं म्हणणं. २०२१मध्ये यावरून वाद झाला, तरी २०२२च्या वर्ल्ड कपला चारही तारे छातीवर होतेच. देश जेमतेम ३५ लाख लोकांचा, पण हट्ट केवढा!

हा हट्ट मला ओळखीचा वाटतो, कारण मी 'एकेकाळी' या शब्दाच्या घरात वाढले. आम्ही बडोद्याचे मराठी. आजोबांचा छापखाना होता. एकेकाळी दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांच्या लग्नपत्रिका आमच्याकडे छापल्या जायच्या. मी दहावीत असताना तो बंद पडला. ऑफसेट आलं, मग मोबाइलवरची आमंत्रणं आली, कर्ज वाढलं. पण नातेवाइकांच्या तोंडी गोष्ट सोपी असते: वडिलांनी उभं केलं, मुलाने घालवलं. तो मुलगा म्हणजे माझे बाबा.

असो. १९३०चा पहिला वर्ल्ड कप उरुग्वेतच झाला. फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध मध्यंतराला १-२ असे मागे असलेले यजमान ४-२ने जिंकले. शेवटचा गोल एक्तोर कास्त्रोचा. लहानपणी यंत्रात त्याचा एक हात कोपराखाली तुटला होता.

पण खरी गोष्ट १९५०ची. स्पर्धा ब्राझीलमध्ये. (या वर्ल्ड कपला भारतही पात्र ठरला होता, गेला नाही. ते दुखणं वेगळं.) त्या वर्षी फायनल अशी नव्हतीच. चार संघांचा शेवटचा गट होता आणि ब्राझीलला १६ जुलैच्या सामन्यात उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरे होती. त्यांनी स्वीडनला ७-१, स्पेनला ६-१ असं धुतलेलं. उरुग्वेची स्पेनशी २-२ बरोबरी, स्वीडनवर कसाबसा ३-२ विजय. रिओच्या माराकाना स्टेडियमवर तिकीट काढून आलेलेच पावणेदोन लाखांच्या आसपास लोक. ब्राझील जिंकल्याचं वर्तमानपत्रांनी आधीच जाहीर करून टाकलेलं.

मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत ब्राझीलचा गोल. स्टेडियम पेटलं. उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ वारेला याने चेंडू काखेत मारला आणि सरळ पंचांशी हुज्जत घालायला गेला. म्हणे ऑफसाइड होता! गोल रद्द होणार नाही हे त्यालाही कळत होतं. त्याला फक्त तो गोंगाट थंड होऊ द्यायचा होता. मग स्कियाफिनोने बरोबरी केली आणि ७९व्या मिनिटाला घिजियाने दुसरा गोल मारला. २-१. माराकाना गप्प.

त्या रात्री वारेला जल्लोषात रमला नाही. रिओच्या बारमध्ये जाऊन रडणाऱ्या ब्राझीलच्या लोकांसोबत पीत बसला. त्यांना पाहून आपल्यालाच वाईट वाटलं, असं तो पुढे सांगायचा. चार ताऱ्यांच्या सगळ्या इतिहासात मला हा माणूस सगळ्यात मोठा वाटतो.

त्यानंतर उरुग्वेला वर्ल्ड कप मिळालेला नाही. पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या ताबारेस या प्रशिक्षकाने २०१०मध्ये त्यांना सेमीफायनलपर्यंत नेलं, २०११मध्ये कोपा अमेरिका जिंकून दिला. म्हणजे नुसत्या आठवणींवर ते बसून राहिले नाहीत.

मागच्या महिन्यात तो ७९व्या मिनिटाचा गोल मी बाबांना मोबाइलवर दाखवला. घिजिया उजवीकडून धावत येतो. पहिल्या गोलच्या वेळी त्याने तिथूनच मध्ये पास दिला होता, म्हणून गोलकीपर बार्बोसा जरासा पुढे सरकतो. आणि चेंडू त्याच्या नि जवळच्या खांबाच्या मधून आत.

मला वाटलं, बाबा घिजियाबद्दल विचारतील. ते म्हणाले, "या गोलकीपरचं पुढे काय झालं गं?"

मी सांगितलं. चांगला गोलकीपर होता, नंतरही बरीच वर्षं खेळला. पण तो एक गोल त्याला चिकटला. २००० साली गेला, तोपर्यंत लोक त्यालाच बोल लावत होते. ब्राझीलने पांढरी जर्सी टाकून पिवळी घेतली, पाच वर्ल्ड कप जिंकले, पण बार्बोसाची त्यातून सुटका झाली नाही.

"पन्नास वर्षं?"

"हो."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि घिजिया धावत येत होता तेव्हा ब्राझीलचे बाकीचे खेळाडू कुठे होते, ते शोधत बसले.