रसौली, आवाळू आणि लायपोमा

तीन वर्षांपूर्वी फज्रच्या वुजूला उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, बोटांना काहीतरी लागलं. दिवसातून पाच वेळा कोपरापर्यंत हात धुणाऱ्या माणसाला आपल्याच हातावरची गाठ इतक्या उशिरा कळावी, याचं नंतर हसू आलं. त्या पहाटे नाही आलं. शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी, मऊ, न दुखणारी गाठ. दाबली की बोटाखालून सटकायची.

दोन महिने कुणाला बोललो नाही. मग शाळेत एकदा बाह्या वर सारल्या आणि सहकाऱ्यांनी पाहिली. सल्ले सुरू झाले. चुना-हळद लावा, तेलकट सोडा, गरम विटेने शेका. एकाने फक्त "सर, दाखवून घ्या" म्हटलं, पण ते अशा आवाजात, की माझी झोप गेली.

आमच्या घरात अशा गाठीला रसौली म्हणतात. उर्दूत गर्भाशयातली गाठही रसौलीच. मराठीतला जुना शब्द आवाळू. मी दोन्ही भाषा शिकवतो म्हणून त्या रात्री विचार करत बसलो, की हे दोन्ही शब्द फक्त फुगवटा दाखवतात, आत काय आहे ते सांगत नाहीत. आतलं सांगणारा शब्द डॉक्टरांकडे मिळाला, लायपोमा. ग्रीक भाषेत लिपोस म्हणजे चरबी.

बारामतीच्या सर्जननी गाठीची कड दोन बोटांनी दाबून पाहिली, सोनोग्राफी करून घेतली आणि सांगितलं, चरबीच्या पेशींची गाठ आहे. कातडीच्या खाली, पातळ पिशवीत असावी तशी बसलेली. चाळिशीनंतर बऱ्याच जणांना होते, काही घराण्यांत जास्त. वजन जास्त असणाऱ्यालाच होते असं नाही, आणि वजन उतरवलं म्हणून ती विरघळतही नाही. (माझं तेलकट बंद करून झालं होतं. ईदची भजी हुकली ती हुकलीच.) काढायचीच असेल तर जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया, त्याच दिवशी घरी. नाही काढली तरी चालेल. मी विचारलं, "कॅन्सर होणार नाही ना?" ते म्हणाले, "या गाठीचा नाही. वाढली, घट्ट झाली, दुखायला लागली तर परत या."

"या गाठीचा." मी ते दोन शब्द ऐकले आणि तिथेच विसरलो.

सुटका झालेला माणूस फार बडबडतो. बासी ईदला आम्ही इंदापूरला फुफीकडे गेलो. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी, सगळ्या रस्त्याने मी पत्नीला लायपोमा समजावत होतो. फुफीच्या घरी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून पुन्हा तेच, बाही वर करून, गाठ सगळ्यांना दाबायला देऊन. फुफी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बेटा, मेरेकू बी हय वैसीच. नरम हय. दुखती नै."

कुठे, किती मोठी, कधीपासून, मी काहीही विचारलं नाही. भाच्याने कसं विचारायचं, हा संकोच होताच. पण खरं सांगायचं तर मला उत्तर आधीच माहीत होतं. मी म्हणालो, "कुछ नै होता फुफी, चरबी रहती."

ती दोन वर्षांपासून खुर्चीवर बसून नमाज पढत होती. आम्ही सगळे गुडघे समजत होतो. वय पासष्टच्या पुढे, गुडघेच असणार. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सात महिन्यांनी ती लग्नासाठी आमच्याकडे राहायला आली. कपडे बदलताना पत्नीने पाहिलं आणि माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. गाठ उजव्या मांडीत, मोसंबीपेक्षा मोठी. वर काळपट डाग. गावातल्या कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला होता, फोड येऊन पिकला होता, तेही तिने पदराआड सोसलं होतं.

बाई डॉक्टर शोधली. माझ्या गाठीला दहा मिनिटं लागली होती, फुफीला आत जाऊन अर्धा तास झाला. बाहेर आल्यावर पत्नीने सांगितलं, डॉक्टरांनी मांडी ताठ करायला लावली, तर गाठ जागची हलेना. म्हणजे ती कातडीखाली नव्हती, स्नायूत खोल होती. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती असली, यातलं एक जरी असलं, तर नुसतं हाताने पाहून चरबी म्हणायचं नाही, एमआरआय काढायचा. फुफीच्या गाठीत तिन्ही होतं.

एमआरआय, मग पुण्याला, मग सुईने तुकडा काढून तपासणी. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन योजनेच्या खिडकीपुढे दोन सकाळी गेल्या. रिपोर्टची वाट पाहताना फुफी तस्बीह फिरवत शांत होती. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो. मी डॉक्टर नव्हतो, आणि तिला निदान देऊन बसलो होतो.

रिपोर्टमध्ये गाठ चरबीचीच निघाली, पण साधी नाही. अ‍ॅटिपिकल लायपोमेटस ट्यूमर. डॉक्टरांनी समजावलं, ही सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण काढल्यावर त्याच जागी परत येऊ शकते, आणि वर्षानुवर्षं ठेवली तर क्वचित स्वभाव बदलते. आजूबाजूच्या थोड्या भागासकट काढली. टाके निघाले, काठी सुटली. आता ठरलेल्या तारखांना तपासणी.

सात महिने आधी गेलो असतो तर काय फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. "आता वेळेवर येत राहा," एवढंच म्हणाले. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फुफीला एकट्याने माफी मागितली. ती म्हणाली, "तू कौनसा डॉक्टर हय रे, मास्तर हय." यात माफी होती की टोमणा, अजून कळलेलं नाही.

मागच्या तपासणीहून परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. निमगाव केतकीचे पानमळे मागे पडल्यावर तिने माझा हात ओढला, बाही वर केली आणि कोपराखाली अंगठा दाबून बराच वेळ चाचपलं.

"बढ़ी क्या ये?" तिने विचारलं.

"नै फुफी."

"तेरेकू किसने बोला? कब दिखाया था?"

दोन वर्षं झाली होती. सोमवारची वेळ घेतली आहे.