नावे आणि अद्भुतिका

महाकाव्यात्म अद्भुतिकांकडे नव्याने वळू पाहणारे विद्यार्थी ‘सुरुवात कोठून करावी?’ असे विचारतात, तेव्हा मी उर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी मालिकेचे नाव घेतो. टोल्किनचे का नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. एक कारण अगदी व्यावहारिक आहे : अर्थसीचा पहिला भाग दोनशे पानांच्या आसपास संपतो. दुसरे कारण आपल्या अभ्यासविषयाशी निगडित आहे. या द्वीपसमूहातील सारी जादू भाषेची आहे. वस्तूचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. सोस्यूरचा यादृच्छिक चिन्हाचा सिद्धांत वर्गात शिकवून आलेल्या माणसाला हे जग प्रथम बालिश वाटते. मग लक्षात येते की, नाव यादृच्छिक नसते तर जगणे किती जोखमीचे झाले असते, याचा विचार लेखिकेने अखेरपर्यंत नेला आहे. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा, गेड, आपल्यातूनच बाहेर पडलेल्या छायेचा सागरभर पाठलाग करतो आणि शेवटी तिला हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने.

मराठी समीक्षेने ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना वास्तवापासूनच्या पलायनाच्या खात्यात टाकून अद्भुताचा प्रश्न फार लवकर निकालात काढला, असे माझे मत आहे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांपाशी अशा साहित्याविषयी बोलण्याची परिभाषाच नाही. ते एक तर भारावतात, नाही तर ओशाळतात.

ही मालिका मला पदव्युत्तर वर्गात असताना रद्दीच्या दुकानात भेटली. पहिले तीन भाग (१९६८ ते १९७२) एकत्र बांधलेली ती जुनी प्रत होती. मी त्या तिघांनाच संपूर्ण कृती मानत आलो. अठरा वर्षांच्या खंडानंतर आलेली ‘तेहानू’ (१९९०) मी पुढे वाचली, पण ती मला लेखिकेने स्वतःच्याच कृतीवर लिहिलेल्या टीकेसारखी रुक्ष भासली. म्हणून ‘तीन वाचा आणि थांबा’ असा माझा सल्ला असे, आणि तो मी बऱ्याच अधिकारवाणीने देत असे.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने पहिला भाग परत करताना विचारले, “सर, रोकच्या त्या पाठशाळेत एकही मुलगी कशी नाही? आणि गावातल्या बायकांची जादू तेवढी हलकी?” कादंबरी १९६८ची आहे, असे उत्तर मी दिले. कालसंदर्भ सांगितला की प्रश्न मिटतो, ही आमच्या पेशाची जुनी सवय. ती काही बोलली नाही. महिन्याभराने तिने ‘तेहानू’ स्वतः मिळवून वाचली आणि मला एवढेच सांगितले की, तेनारला तीन नावे आहेत आणि त्यांपैकी तिने स्वतः घेतलेले एकही नाही.

हे मी पाहिले नव्हते. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये लहानग्या तेनारचे नाव काढून घेऊन तिला थडग्यांची पुजारीण ‘आर्हा’ केले जाते, हा प्रसंग मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितला होता. पण ‘तेहानू’त ती शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे, ‘गोहा’ या नावाने ओळखली जाते. आपल्या घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत, ती गोष्ट मला येथे कशी आठवली नाही? माझ्या आईचे माहेरचे नाव मी प्रथम ऐकले ते मामाच्या तोंडून, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आणि ती हाक दुसऱ्याच कुणाला आहे, असे समजून मी मागे वळून पाहिले होते. अद्भुतातील खऱ्या नावांवर तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या मनात हे दोन प्रसंग कधी शेजारी आले नाहीत.

‘तेहानू’ पुन्हा वाचली. तिचा रुक्षपणा मला आजही काही ठिकाणी जाणवतो; संवादांतून विचार उघडे पडतात. पण शक्ती गमावून परतलेला गेड, भाजलेली ती मुलगी आणि घरकामाच्या तपशिलांत रुतलेली तेनार यांच्यामुळे आधीच्या तिन्ही भागांचा अर्थ बदलतो. पहिल्या आवृत्तीवर तिला अर्थसीचे शेवटचे पुस्तक म्हटले होते. लेखिकेचाही अंदाज चुकलाच. २००१ साली आणखी दोन पुस्तके आली.

तेव्हा नवागतांनी प्रकाशनक्रमानेच वाचावे. नकाशात फार अडकू नये. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे आणि गोरे लोक या जगात टोळीने येणारे हल्लेखोर आहेत, हे ध्यानात ठेवावे; मुखपृष्ठांनी ते वारंवार विसरायला लावले आहे. तिसरा भाग संथ वाटला तरी सोडू नये. आणि ‘द अदर विंड’कडे जाण्यापूर्वी ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’तील ‘ड्रॅगनफ्लाय’ ही दीर्घकथा वाचावीच. तिच्यात एक तरुणी पुरुषवेषात रोकच्या दाराशी येऊन उभी राहते, आणि द्वारपाल तिला आत घेतो.