आमच्या घरची आगगाडी

आमच्या लहानपणीं मुलांचे वाढदिवस होत नसत असें नाहीं. पण ते झाल्याचें शेजाऱ्यांस कळत नसे, इतकेंच. तिथि पाहून सकाळीं अंगाला तेल लावून न्हाऊं घालावें, पाटाभोंवतीं रांगोळी काढावी, तबकांत सुपारी व सोन्याची अंगठी घेऊन मातोश्रींनीं औक्षण करावें, मार्कंडेयाचें स्मरण करून गूळ व तीळ घातलेलें दूध प्यावयास द्यावें, आणि दुपारीं पानावर शेवयांची खीर आली म्हणजे वाढदिवस साजरा झाला! आतां काळ पालटला आहे. आमच्या चिंचवडांत हल्लीं मुलाचा वाढदिवस म्हणजे एक लहानसें लग्नच होऊन बसलें आहे. हॉल घ्यावा, फुग्यांच्या कमानी उभाराव्या, सिनेमांतला एखादा पराक्रमी वीर किंवा समुद्रांतले मासे अशी कांहीं 'थीम' ठरवून टोप्या, ताटल्या, केक झाडून सारें त्याच सोंगाचें करावें, आणि उत्सवमूर्तीनें मात्र रात्रीं रडत रडत आईच्या खांद्यावर झोंपी जावें, असा परिपाठ पडला आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवास पांच वर्षें पुरीं झालीं, तेव्हां ही लाट आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. आमचें कुटुंब एकत्र: तीर्थरूप, मातोश्री, आम्ही उभयतां, आमच्या दोन मुली, बंधु, भावजय आणि हा बाळ. बंधु चाकणला एका कारखान्यांत पाळीवर जातात. चिंचवडाहून चाकण कांहीं फार दूर नाहीं. पण नाशिकच्या रस्त्यावर भोसरी, मोशी ओलांडतां ओलांडतां मोटारींच्या रांगेंत दिवसाचे तीन तीन तास जातात. अखेर त्यांनीं चाकणलाच जागा घेतली, आणि संक्रांतीनंतर बिऱ्हाड हलवावयाचें नक्की झालें. त्या दिवसापासून तीर्थरूपांचें त्यांच्याशीं बोलणें जवळजवळ बंद पडलें. राग नव्हता, पण पंक्तीला मुलगा शेजारीं बसलेला असतां "त्याला ताक हवें का विचारा," असें ते मातोश्रींस सांगत. बंधूंनींहि समजूत घालण्याचा नाद सोडून दिला होता.

या घरांतला बाळाचा हा शेवटचा वाढदिवस, हें सर्वांच्या मनांत होतें. म्हणूनच तो थाटानें व्हावा, असें घरांतल्या बायकांस वाटत होतें. भावजयीनें एका हॉलची चौकशी केली. तेथला आंकडा ऐकून नव्या जागेचे हप्ते मोजणारे आमचे बंधु गप्पच झाले. तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घरांत नऊ माणसें आहेत. कागद, कात्री आणि खळ असल्यावर आपल्याला काय करतां यायचें नाहीं?"

विषय निवडण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या गच्चीवरून रेल्वेचा मार्ग दिसतो, आणि पुण्यापासून लोणावळ्यापर्यंतचीं सतराहि स्टेशनें बाळाला पाढ्यांपेक्षां चोख पाठ आहेत. वाढदिवस लोकलचा, हें त्यानेंच जाहीर केलें.

तीर्थरूपांनीं पिंपरीच्या एका कारखान्यांत तीस वर्षें नकाशे काढले आहेत. योजना कागदावर उतरल्यावांचून कामाला हात लावूं देणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. त्यांनीं घराचा आराखडा काढला: अंगणाचें दार पुणें, गच्ची लोणावळा आणि मधला जिना घाट. सतरा थांब्यांनीं पाहुणे दमतील म्हणून त्यांनीं सातच ठेवले, तों बाळानें आकांत मांडला. "मग ती लोकल नाहीं, डेक्कन क्वीन झाली!" १९३० सालीं सुरू झालेली ती गाडी आमच्या घरीं सर्वांस पूज्य, तरी वाढदिवस तिचा नव्हता. शेवटीं पाट्या सतरा, खेळ मात्र सात ठिकाणीं, असा तह झाला.

दुसरा वाद इंजिनाचा. तीर्थरूपांस काळें, धूर सोडणारें इंजिन हवें होतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनीं कशी ओढली. पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतची रेल्वे १८५८ त झाली, तरी बोरघाटाचें काम पुरें होऊन मुंबईशीं सांधा जुळावयास १८६३ साल कसें उजाडावें लागलें, ही सारी कथा त्यांनीं रंगवून सांगितली. बाळानें ती आ वासून ऐकली आणि म्हणाला, "पण आजोबा, लोकलला धूर नसतो." इंजिनाचा दावा तेथेंच निकालांत निघाला.

डब्यांसाठीं आम्हीं फ्रिजच्या दुकानांतून मोठालीं खोकीं आणलीं. जाड पुठ्ठा कापावयाचा म्हणजे एकानें धरावें आणि दुसऱ्यानें सुरी चालवावी लागते. बंधु पाळीवरून रात्रीं उशिरा येत, आणि तीर्थरूपांस झोंप कमी. म्हणून हें काम त्या दोघांकडे आलें. पहिल्या रात्रीं "इकडे धर" यापलीकडे शब्द निघाला नाहीं. तिसऱ्या रात्रीं चाकांच्या मापावरून दोघांत चांगली खडाजंगी उडाली. स्वयंपाकघरांतून ती ऐकणाऱ्या मातोश्री डोळे पुसून म्हणाल्या, "चला, भांडायला तरी लागले!"

मेणबत्त्यांचा प्रश्नहि मातोश्रींनींच सोडविला. ज्या दिवशीं दिव्यानें ओवाळायचें, त्याच दिवशीं दिवा फुंकायचा कसा? तेव्हां फुंकर रद्द झाली आणि तिच्या जागीं गार्डाचा हिरवा कंदील आला. भावजयीनें कुकरांत केलेला इंजिनाचा केक मधोमध खचला. परंतु आमच्या धाकट्या मुलीनें त्यास 'बोगदा' असें नांव देऊन त्याची अब्रू राखली.

आदल्या रात्रीं पाट्या रंगवून झाल्या. बाळानें त्या ओळीनें मांडल्या आणि विचारलें, "आजोबा, आमचें नवें घर कोणत्या स्टेशनावर?"

कोणीच बोलेना. मग बंधु म्हणाले, "चाकणला रेल्वे नाहीं रे, बाळ."

"मग मी इथें येणार कसा?"

तीर्थरूपांनीं चष्मा काढून पुसला. उरलेला एक पुठ्ठा ओढून त्यावर अठरावी पाटी लिहिली: चाकण. आराखड्यांत देवघराच्या दाराशीं चिंचवड होतें; तेथून मागच्या पडवीपर्यंत त्यांनीं खडूनें एक नवा फांटा काढला. आणि त्या गांवीं काय आहे हें मुलास कळावें म्हणून संग्रामदुर्गाची गोष्ट सांगितली. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं जवळजवळ दोन महिने तो भुईकोट कसा झुंजविला, ती. आपण किल्ल्याच्या गांवीं राहावयास जाणार, हें बाळाला त्या रात्रीं प्रथमच कळलें. बंधु मात्र बराच वेळ आमच्याकडे पाठ करून पाट्यांना दोरा ओंवीत होते.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं बारा मुलें हजर झालीं. पुण्याला तिकिटें घेऊन गाडी सुटली. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, म्हणून तेथें फुगे फोडावयाचे. पिंपरीला, १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलीनची आठवण म्हणून, आमची थोरली मुलगी डॉक्टरीण होऊन साखरेच्या गोळ्या देत होती. चिंचवडला मोरया गोसावींच्या नांवानें मातोश्रींच्या हातचा मोदक. देहू रोडला टाळ्यांच्या तालावर विठ्ठलनाम. तळेगांवला स्वदेशीच्या काळीं पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला होता, म्हणून तेथें कागदी पैसा दिला कीं कांचेची गोटी मिळे. वडगांवला १७७९ सालीं इंग्रजांच्या फौजेस मराठ्यांपुढें शरण यावें लागलें होतें, हें कळतांच सारी गाडी आरोळी ठोकून पुढें गेली. मळवलीजवळ कार्ल्याचीं व भाज्याचीं लेणीं, म्हणून चादरी टाकलेल्या मेजाखालून रांगावयाचें.

मध्यें चिंचवडला एक गोष्ट घडली, ती सांगावयाची राहिली. गार्ड झालेल्या बाळानें शिटी वाजवून आज्ञा केली, "चाकणला जाणारांनीं गाडी बदला!" प्रवासी एकटेच निघाले, ते तीर्थरूप. धोतराचा सोगा सांवरीत ते खडूच्या रेघेवरून पडवीपर्यंत गेले. तेथें पुठ्ठ्याच्या किल्ल्यापाशीं बंधु तिकिटें तपासावयास उभे होते.

"अण्णा, एकेरी कीं परतीचें?"

"परतीचेंच. पण चार दिवस मुक्काम करीन म्हणतों."

बंधूंनीं तिकीट छेदून परत दिलें. दोघांस हंसूं आलें. आम्ही दुसरीकडे पाहिलें.

लोणावळ्याला, म्हणजे गच्चीवर, औक्षण झालें. बटाटेवडे, चिक्की व बोगदा यांचा समाचार घेऊन झाल्यावर बाळानें खऱ्या लोकलला हिरवा कंदील दाखविला, आणि ती थांबली नाहीं हें पाहून आपलाच हुकूम मानला म्हणून तो धन्य झाला.

ज्या वाचकांस असा समारंभ करावयाचा असेल, त्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतों. मुलें डझनापेक्षां अधिक बोलावूं नयेत आणि जिन्यापाशीं एक वडील माणूस उभें करावें. फुगे अगदीं शेवटीं फोडावे. आमच्या खडकीला तीन लहानग्यांनीं भोंकाड पसरलें होतें. आणि मुलास तयारींतून वगळूं नये. पाहुण्यांस समारंभाची संध्याकाळ मिळते. घरच्या मुलाच्या वांट्यास आधींच्या आठ रात्री येतात, आणि गोडी त्यांतच अधिक असते. आम्हांस एकंदर खर्च अठराशें चाळीस रुपये आला. हॉलवाल्यांनीं सांगितलेल्या आंकड्याशीं त्याची तुलना करण्याचें कारण नाहीं. बाप-लेकांना एका पुठ्ठ्याच्या दोन टोकांना बसविण्याची सोय तेथें नव्हती.

संक्रांत झाली आणि बंधूंचें बिऱ्हाड चाकणला गेलें. सतरा पाट्या आमच्या माळ्यावर आहेत. अठरावी बाळानें उराशीं धरून नेली व नव्या घराच्या दाराला लाविली. "त्या घरीं पाऊल टाकणार नाहीं," असें म्हणणारे तीर्थरूप दुसऱ्याच आठवड्यांत पिशवींत मोदकांचा डबा घेऊन निघाले. भोसरीला बस बदलावी लागते, हें आम्हीं त्यांस बजावून सांगितलें. तेव्हां खिशांतलें छेदलेलें तिकीट चांचपून ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. मी त्या मार्गानें एकदां गेलों आहें."