दोन तोंडांचा साप

मुलांनो, जमिनीखाली काय आहे ते आपल्याला दिसत नाही. जे दिसत नाही, त्याविषयी माणूस गोष्टी रचतो.

दक्षिण अमेरिकेत ब्राझील हा मोठा देश आहे. तेथील जंगलात ‘मिन्योकाव’ नावाचा प्रचंड प्राणी राहतो, असे लोक सांगत. पोर्तुगीज भाषेत ‘मिन्योका’ म्हणजे गांडूळ. मिन्योकाव म्हणजे भलेमोठे गांडूळ! तो जमीन पोखरतो, झाडे उलथून टाकतो, असे म्हणत. फ्रिट्झ म्युलर या शास्त्रज्ञाने १८७७ साली या हकिकती प्रसिद्ध केल्या. पण तो प्राणी आजवर कोणाला सापडलेला नाही.

आपल्याकडच्या मांडुळाचे उलटे आहे. ते खरोखर आहे आणि गोष्टींमुळेच त्याचा जीव धोक्यात येतो.

मी पुण्याच्या नारायण पेठेत राहतो. एकदा आमच्या शेजारचा जुना वाडा पाडत होते. मातीच्या ढिगातून एक जाड, तांबूस साप बाहेर आला. एकच गलका झाला.

गवंडीचाचा म्हणाले, “हा तर दोमुँहा साँप!”

“सहा महिने एका तोंडाने चालतो, सहा महिने दुसऱ्या,” कोणी म्हणाले.

“याच्याखाली धनाचा हंडा असतो,” दुसरा म्हणाला. एकाने तर वजन करायला तराजू मागितला. मांडूळ जितके जड, तितकी किंमत जास्त, असे म्हणतात ना!

तेवढ्यात सर्पमित्र आले. त्यांनी मांडूळ अलगद उचलले.

“चाचा, डोळे कोणत्या बाजूला आहेत?”

चाचांनी निरखून पाहिले. “एकाच बाजूला, भाऊ.”

“मग दुसरी बाजू शेपटीची. ती बोथट असते. संकट आले की मांडूळ डोके अंगाखाली लपवते आणि शेपटी पुढे करते. घाव शेपटीवर बसतो, डोके वाचते.”

सर्पमित्रांनी ते मांडूळ वनविभागाकडे दिले. पुढे तेथे पाया खणला, तेव्हा दगडमाती निघाली. हंडा काही निघाला नाही.

मांडूळ बिनविषारी आहे. ते भुसभुशीत मातीत राहते आणि शेतातले उंदीर खाते. उंदीर कमी झाले की धान्य वाचते. शेतकऱ्याचे खरे धन ते हेच! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मांडूळ पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. तरीही धनाच्या लोभाने लोक ते पकडतात.

मिन्योकाव कोणाच्या हाती लागला नाही. मांडूळ मात्र सहज हाती लागते, म्हणून त्याला आपणच जपले पाहिजे. उद्या कोणी तुम्हांला दोन तोंडांच्या सापाची गोष्ट सांगितली, तर एवढेच विचारा, “त्याचे डोळे मोजलेत का?”